रुबिस्कोची सुटका करणारे विकर

गव्हाचे कोवळे पान थंड द्रावणात कुटून गाळले की हिरवट पाणी उरते. त्यात हजारो प्रकारची प्रथिने विरघळलेली असतात आणि तरी त्यांतला जवळजवळ निम्मा वाटा एकाच प्रथिनाचा असू शकतो. त्याचे नाव रुबिस्को. १९४७ साली अमेरिकेत सॅम वाइल्डमन आणि जेम्स बॉनर यांनी पालकाच्या पानांतून हे मुबलक प्रथिन वेगळे केले, तेव्हा ते नेमके काय करते हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे बर्कली येथे मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम यांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढत हवेतल्या कार्बनची साखर कोणत्या वाटेने होते ते शोधून काढले. या कामासाठी कॅल्विन यांना १९६१ चे नोबेल मिळाले. त्या वाटेवरचे पहिले पाऊल रुबिस्को टाकते. पाच कार्बनच्या एका साखरेला ते कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू जोडते आणि तीन कार्बनचे दोन रेणू तयार होतात. ताटातली भाकरी, अंगावरचे सुती कापड, चुलीतले सरपण, गोठ्यातली वैरण या सगळ्यांतला कार्बन कधी ना कधी रुबिस्कोच्या हातून गेलेला असतो.

एवढे मोठे काम करणारे हे विकर, म्हणजे एन्झाइम, कमालीचे मंद आहे. गहू, भात, कापूस यांसारख्या पिकांत त्याचे एक क्रियास्थान सेकंदाला जेमतेम तीन रेणू हाताळते. काही विकरे एवढ्या वेळात लाखो रेणू उरकतात. शिवाय कार्बन डायऑक्साइड समजून ते अधूनमधून ऑक्सिजनही पकडते आणि ती चूक निस्तरण्यात वनस्पतीची ऊर्जा आणि आधी बांधलेला कार्बन खर्च होतो. मंदपणाची भरपाई म्हणून वनस्पती रुबिस्को ढिगाने तयार करते. पानातल्या नत्राचा सुमारे पाव हिस्सा त्यातच गुंतलेला असतो. शेतकऱ्याने विकत आणून टाकलेल्या युरियाचा बराच भाग शेवटी या एका प्रथिनात जाऊन बसतो.

पण पानात रुबिस्को असले म्हणजे ते काम करतच असते असे नाही. त्याला कामाला लावणारे, कामावर ठेवणारे आणि गरज नसेल तेव्हा थांबू देणारे दुसरेच एक विकर असते. त्याचे नाव रुबिस्को ॲक्टिव्हेज. पिकाच्या उत्पादनाचा विचार करताना आपण पाणी, खत, वाण, कीड यांच्याबद्दल बोलतो. या विकराचे नावही बहुतेकांनी ऐकलेले नसते. ते ऐकायलाच हवे, कारण तापत्या हवेत पिकाचे पान किती काम करू शकेल हे बऱ्याच अंशी त्याच्यावर ठरते.

अडकलेली साखर

रुबिस्कोचा रेणू सोळा तुकड्यांचा असतो, आठ मोठे आणि आठ छोटे. त्यावर आठ क्रियास्थाने असतात. कोणतेही क्रियास्थान नुसते तयार झाले म्हणून चालू होत नाही. आधी तिथल्या लायसीन या अमिनो आम्लाला कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू चिकटावा लागतो आणि त्याच्या आधाराने मॅग्नेशियमचा एक आयन जागेवर बसावा लागतो. हा कार्बन डायऑक्साइड साखरेला जोडण्यासाठी नसतो. तो क्रियास्थानाचाच भाग होऊन राहतो. १९७६ साली जॉर्ज लोरिमर, मरी बॅजर आणि जॉन अँड्र्यूज यांनी ही गोष्ट स्पष्ट केली. अशी तयारी झाल्यावरच रुबिस्को साखर आणि दुसरा कार्बन डायऑक्साइड घेऊन खरे काम सुरू करते.

अडचण इथेच येते. तयारी होण्याआधीच साखरेचा रेणू क्रियास्थानात शिरला, तर तो तिथे घट्ट बसतो. क्रियास्थानावरचे दार मिटते, आणि ना साखरेवर क्रिया होते, ना ती बाहेर पडते. कुलपात चुकीची किल्ली जाऊन अडकावी तसे होते. ती निघत नाही तोवर बरोबर किल्लीचाही उपयोग नाही. साखरेच्या घडणीत किंचित फरक असलेले इतर काही रेणूही असेच अडकतात. त्यांतले काही रुबिस्कोच्या स्वतःच्या चुकांतून तयार होतात. बटाटा आणि फरसबी यांसारख्या वनस्पती तर रात्री मुद्दाम असा एक रेणू तयार करतात आणि अंधारात रुबिस्को बंद ठेवतात.

१९७०च्या दशकाअखेरीस शास्त्रज्ञांपुढे एक कोडे होते. परीक्षानळीत रुबिस्को पूर्ण सक्रिय करायचे तर भरपूर कार्बन डायऑक्साइड लागत असे, आणि त्यात आधी साखर टाकली की ते सक्रिय होईनासे होई. जिवंत पानाच्या हरितलवकात मात्र कार्बन डायऑक्साइड अगदी विरळ असतो आणि साखर मुबलक असते. परीक्षानळीतला हिशेब लावला तर उन्हातल्या पानातले बहुतेक रुबिस्को बंद पडलेले असायला हवे होते. प्रत्यक्षात ते जोमात चालत होते. पानात असे काहीतरी होते जे परीक्षानळीत नव्हते.

एका दुबळ्या रोपट्याची साक्ष

उत्तर सापडले ते अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात. तिथे विल्यम ओग्रेन आणि त्यांचे सहकारी रुबिस्कोच्या ऑक्सिजन पकडण्याच्या चुकीवर काम करत होते. ही चूक रुबिस्कोच करते हे जॉर्ज बोज, ओग्रेन आणि रिचर्ड हेजमन यांनी १९७१ मध्ये सोयाबीनवर दाखवले होते. पुढे ख्रिस सोमरव्हिल या तरुण संशोधकाबरोबर ओग्रेन यांनी अरॅबिडॉप्सिसवर एक शोधमोहीम सुरू केली. अरॅबिडॉप्सिस ही मोहरीच्या कुळातली वीतभर उंचीची वनस्पती आहे. तिला बाजारात काही किंमत नाही. पण ती झपाट्याने वाढते, बी भरपूर देते आणि तिच्यातले जनुकीय बदल शोधणे सोपे जाते.

त्यांची पद्धत साधी आणि चतुर होती. रसायन वापरून बियांमध्ये उत्परिवर्तने घडवायची. रोपे भरपूर कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत वाढवायची, म्हणजे ऑक्सिजन पकडण्याची चूक जवळजवळ होणारच नाही. मग ती साध्या हवेत आणायची आणि कोणती रोपे पिवळी पडतात ते पाहायचे. जी रोपे समृद्ध हवेत तरारून वाढतात पण साध्या हवेत खंगतात, त्यांच्यात नेमका काय बिघाड आहे ते तपासायचे.

अशा रोपांत एक वेगळेच निघाले. त्याचे रुबिस्को बाहेर काढून कार्बन डायऑक्साइड आणि मॅग्नेशियम दिले की ते उत्तम काम करी. म्हणजे रुबिस्कोत दोष नव्हता. पण पानात, भर उजेडात, तेच रुबिस्को निम्म्याहून अधिक बंद असे. १९८२ साली सोमरव्हिल, आर्ची पोर्टिस आणि ओग्रेन यांनी या रोपाची हकिकत प्रसिद्ध केली. जे काही रुबिस्कोला पानात चालू ठेवते, तेच या रोपात हरवले होते.

हरवलेली वस्तू ओळखण्याचे काम मायकेल साल्व्हुची यांनी केले. निरोगी आणि दुबळ्या रोपांच्या हरितलवकांतली प्रथिने त्यांनी जेलच्या पातळ थरावर दोन दिशांनी पसरवली. एका दिशेने विद्युतभारानुसार, दुसऱ्या दिशेने आकारमानानुसार. रंगवल्यावर अशा जेलवर शेकडो ठिपके उमटतात आणि प्रत्येक ठिपका एका प्रथिनाचा असतो. दोन्ही जेल शेजारी ठेवून ठिपक्यामागून ठिपका ताडून पाहिला, तेव्हा दुबळ्या रोपाच्या जेलवर काही ठिपके नव्हतेच. निरोगी पानातून काढलेले ते प्रथिन मिसळताच रुबिस्को पुन्हा सक्रिय होऊ लागले. १९८५ साली साल्व्हुची, पोर्टिस आणि ओग्रेन यांनी त्याला रुबिस्को ॲक्टिव्हेज हे नाव दिले. ज्या रोपाकडे बागेत कोणी ढुंकूनही पाहिले नसते, त्याच्या अशक्तपणाने साऱ्या वनस्पतिसृष्टीतली एक मूलभूत यंत्रणा उघडी केली. मूलभूत संशोधनाला उपयोग काय असे विचारणाऱ्यांसमोर हे उदाहरण जरूर ठेवावे.

सहा जणांचे कडे

ॲक्टिव्हेज काम कसे करते हे उलगडायला पुढची तीन दशके लागली. १९८७ मध्ये पोर्टिस यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले की त्याला एटीपी लागते. एटीपी म्हणजे पेशीतले ऊर्जेचे चलन. ते मोडल्याशिवाय ॲक्टिव्हेज हलत नाही. पेशीत सहा सहा रेणूंची कडी करून, एटीपी खर्चून, इतर प्रथिनांना ओढणाऱ्या आणि सैल करणाऱ्या प्रथिनांचे एक मोठे घराणे आहे. ॲक्टिव्हेज त्यातलेच आहे. २०११ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेत मनाजित हायर-हार्टल, उलरिख हार्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखूच्या ॲक्टिव्हेजचे असे सहा जणांचे कडे दाखवले. त्याच वर्षी प्रकाशसंश्लेषी जिवाणूंतल्या अशाच एका विकराचे कामही त्यांनी उलगडले. कड्याच्या मधल्या भोकात रुबिस्कोच्या मोठ्या तुकड्याचे शेपूट ओढले जाते. त्या ओढीने क्रियास्थानावरचे दार सैल होते आणि अडकलेली साखर निसटते. वनस्पतींचे ॲक्टिव्हेज बहुधा त्याच तुकड्याचे दुसरे टोक धरते, असे अलीकडचे प्रयोग सांगतात.

कडे आणि रुबिस्को यांची ओळख किती काटेकोर असते हे १९९२ मध्ये कळले. तंबाखूचे ॲक्टिव्हेज पालकाच्या रुबिस्कोला मोकळे करू शकत नाही आणि पालकाचे तंबाखूच्या. वांगी, टोमॅटो, बटाटा, मिरची आणि तंबाखू ही एकाच कुळातली पिके आहेत आणि या बाबतीत हे कूळ बाकीच्यांहून वेगळे आहे. पुढे एका हिरव्या शैवालाच्या रुबिस्कोत ८९व्या जागेवरचे एकच अमिनो आम्ल बदलून पाहिले गेले. तेवढ्याने त्याची पालकाच्या ॲक्टिव्हेजशी असलेली ओळख तुटली आणि तंबाखूच्या ॲक्टिव्हेजशी जुळली. दुसऱ्या वनस्पतीचे वेगवान रुबिस्को आणून पिकात घालावे असे अनेकांच्या मनात आहे. त्यांनी हे ध्यानात ठेवायला हवे की रुबिस्कोबरोबर त्याला ओळखणारे ॲक्टिव्हेजही आणावे लागेल.

आता नियंत्रणाकडे येऊ, कारण ॲक्टिव्हेजचे खरे महत्त्व तिथेच आहे. एटीपी खर्च झाले की एडीपी उरते आणि एडीपी साचले की ॲक्टिव्हेज मंदावते. उजेडात हरितलवक एटीपी भराभर तयार करते, म्हणून ॲक्टिव्हेज जोरात चालते. अंधारून आले की एडीपीचे प्रमाण वाढते आणि ते थंडावते. अरॅबिडॉप्सिस, पालक अशा अनेक वनस्पतींत ॲक्टिव्हेजचे दोन प्रकार असतात, एक लांब आणि एक आखूड. लांब प्रकाराच्या टोकाला गंधकयुक्त अमिनो आम्लांची एक जोडी असते. ही जोडी एकमेकांशी बांधलेली असते तोवर एडीपीचा अडथळा जास्त जाणवतो. उजेडात प्रकाशयंत्रणेकडून आलेले इलेक्ट्रॉन थायोरेडॉक्सिन या छोट्या प्रथिनाच्या हाती येतात. ते ही गाठ सोडवते आणि अडथळा कमी होतो. १९९९ मध्ये पोर्टिस यांच्या गटाने हे दाखवून दिले. त्याच वेळी उजेडामुळे हरितलवकातली आम्लता घटते आणि मॅग्नेशियम वाढते, त्यामुळे मोकळी झालेली क्रियास्थाने लगेच कामासाठी तयार होतात. सूर्य किती तळपतो आहे याची खबर अशी अनेक वाटांनी रुबिस्कोपर्यंत पोहोचते. प्रकाश पकडण्याचा वेग आणि कार्बन बांधण्याचा वेग यांचा मेळ राहतो तो या खबरीमुळे.

सावलीतून उन्हात

दाट वाढलेल्या गव्हाच्या ताटातले खालचे एखादे पान पाहा. वरच्या पानांची सावली त्याच्यावर पडलेली असते. वारा येतो, वरचे पान बाजूला होते आणि या पानावर ऊन पडते. प्रकाश पकडणारी यंत्रणा लगेच जागी होते. पण रुबिस्कोची बरीच क्रियास्थाने अजून मिटलेली असतात. ॲक्टिव्हेज एकेक मोकळे करत जाते आणि पान पूर्ण वेगाला पोहोचेपर्यंत बरीच मिनिटे निघून जातात. तेवढ्यात सूर्य सरकतो किंवा ढग येतो आणि सावली परत येते. पानावर पडलेल्या उन्हाचा बराचसा भाग असा वाया जातो.

हे नुकसान किती? २०१७ मध्ये सॅम्युएल टेलर आणि स्टीफन लाँग यांनी गव्हाच्या पानांवर मोजमापे घेऊन हिशेब मांडला. सावलीतून उन्हात येताना होणाऱ्या या दिरंगाईमुळे गव्हाची उत्पादनक्षमता निदान २१ टक्क्यांनी घटत असावी, असा त्यांचा अंदाज आहे. भातात ॲक्टिव्हेजचे प्रमाण वाढवले की पान उन्हाला लवकर प्रतिसाद देते, असेही प्रयोगांत दिसले आहे. आपल्या पीक संशोधनात पानाची क्षमता बहुधा भरपूर आणि स्थिर उजेडात मोजली जाते. शेतात मात्र असा स्थिर उजेड क्वचितच मिळतो. पान किती धावू शकते याबरोबरच ते किती लवकर धावू लागते हेही मोजले पाहिजे, आणि वाण निवडताना ते धरले पाहिजे.

उष्णतेपुढचा पहिला बळी

आता सर्वांत कळीचा मुद्दा. पान तापते तसे प्रकाशसंश्लेषण आधी वाढते, मग घटू लागते. का घटते याची उत्तरे अनेक आहेत. पर्णरंध्रे मिटतात, ऑक्सिजन पकडण्याची चूक वाढते, पेशीतली पटले सैल पडतात. पण यांखेरीज एक कारण आहे आणि त्याकडे फार उशिरा लक्ष गेले. २००० साली अमेरिकेत स्टीव्हन क्राफ्ट्स-ब्रँडनर आणि साल्व्हुची यांनी कापूस आणि तंबाखूची पाने हळूहळू तापवून पाहिली. पानाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की रुबिस्को निष्क्रिय होऊ लागले. रुबिस्को वेगळे काढून पाहिले तर मात्र ते ५० अंशांच्या वरही चांगले काम करत होते. ॲक्टिव्हेजची क्रिया ४२ अंशांना कमाल होती. तापमान वाढते तशी रुबिस्कोची क्रियास्थाने अधिकाधिक वेगाने बंद पडतात आणि ॲक्टिव्हेज त्या वेगाला पुरे पडत नाही. त्यात पुढे उष्णतेने त्याचे स्वतःचे कडेच विस्कटते. चांगले धडधाकट रुबिस्को मग साखर अडकून बसून राहते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे आकडे परके वाटणार नाहीत. पाण्याचा ताण पडला की पान पर्णरंध्रे मिटून घेते. मग बाष्पाबरोबर निघून जाणारी उष्णता पानातच राहते आणि त्याचे तापमान हवेपेक्षाही वर जाऊ शकते. उशिरा पेरलेला गहू फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात सापडतो तो नेमका दाणा भरण्याच्या वेळी. मार्च २०२२ हा देशात हवामान खात्याच्या १२२ वर्षांच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेतल्या गव्हाचा दाणा बारीक राहिला आणि मे महिन्यात सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. दाणा बारीक राहण्याची सगळी जबाबदारी एका विकरावर टाकता येणार नाही. उष्णतेने पीक लवकर पिकते, दाणा भरायला दिवस कमी मिळतात. पण त्या मोजक्या दिवसांत पान किती साखर पुरवते हे मोठे आहे, आणि ती साखर ॲक्टिव्हेजच्या तग धरण्यावर अवलंबून आहे.

ॲक्टिव्हेजचा हा नाजूकपणा दोष म्हणायचा की संरक्षण, यावर संशोधकांत मतभेद आहेत. काहींच्या मते उष्णतेत बाकीची यंत्रणा डळमळत असताना कार्बन बांधण्याचा वेग कमी करणे हा वनस्पतीचा शहाणपणाच असावा. या मताला पूर्ण बाजूला सारता येत नाही. पण निसर्गातला पुरावा असे सांगतो की ॲक्टिव्हेज आपापल्या ठिकाणच्या हवामानाला जुळवून घडलेले असते. अंटार्क्टिकावर उगवणाऱ्या एका गवताचे ॲक्टिव्हेज कमी तापमानालाच हार मानते. अमेरिकेच्या वाळवंटातल्या क्रिओसोट झुडपाचे त्याहून कितीतरी जास्त उष्णता सोसते. पिकांचे ॲक्टिव्हेज त्यांच्या मूळ हवामानासाठी घडले आहे. हवामान मात्र आता त्यांच्या पायाखालून सरकते आहे.

बदल करता येतो

म्हणूनच ॲक्टिव्हेज बदलून पाहण्याचे प्रयत्न आशा वाढवणारे आहेत. २००७ मध्ये अरॅबिडॉप्सिसमध्ये उष्णता सोसणारे सुधारित ॲक्टिव्हेज घातले गेले. मध्यम उष्णतेत ती रोपे जास्त वाढली आणि त्यांनी जास्त बी दिले. उत्तर ऑस्ट्रेलियात रानभाताची एक जात आहे. तिचे ॲक्टिव्हेज लागवडीच्या भातापेक्षा उष्णतेत अधिक टिकते. अँड्र्यू स्काफारो आणि सहकाऱ्यांनी ते जनुक लागवडीच्या भातात घातले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसा ४५ अंशांची उष्णता सोसूनही त्या रोपांची वाढ आणि दाण्यांचे उत्पन्न सुधारले. गव्हात ॲक्टिव्हेजचे तीन प्रकार आहेत. त्यांतला एक उष्णता वाढल्यावरच मोठ्या प्रमाणावर तयार होतो आणि तो इतरांपेक्षा टिकाऊ आहे. २०२० मध्ये एलिझाबेत कार्मो-सिल्व्हा यांच्या गटाने गव्हाच्या दुसऱ्या प्रकारातले एकच अमिनो आम्ल बदलले आणि त्याचे सर्वोत्तम तापमान ५ अंशांनी वर गेले. एवढा छोटा बदल जनुक संपादनाने किंवा नैसर्गिक वाणांतून शोधूनही मिळवता येण्याजोगा आहे.

यातले बरेचसे काम अजून प्रयोगशाळेत आणि नियंत्रित खोल्यांत आहे. शेतातल्या पिकाचे उत्पन्न मुळे, पाणी, फुलोरा, परागण, रोग अशा कितीतरी गोष्टींवर ठरते. टिकाऊ ॲक्टिव्हेज असलेला वाण प्रत्येक हंगामात, प्रत्येक जमिनीत कसा वागतो हे तपासायला वर्षे लागतील. तरी दिशा स्पष्ट आहे. गहू, भात आणि कापूस यांच्या वाणांची चाचणी घेताना उष्णतेतले ॲक्टिव्हेजचे काम आणि सावलीतून उन्हात येताना पानाला लागणारा वेळ, या दोन गोष्टी मोजायला सुरुवात व्हावी. पिकांचे रानटी भाईबंद ज्या माळांवर, दलदलीत आणि डोंगरउतारांवर उगवतात ती ठिकाणे आणि बियाणे पेढ्यांतले त्यांचे नमुने जपले जावेत, कारण हवे असलेले टिकाऊ ॲक्टिव्हेज त्यांच्यातच आधीपासून असू शकते. जी रानजात नष्ट होईल, तिच्याबरोबर तिच्या जनुकांत लाखो वर्षांत घडलेले उत्तरही जाईल. रुबिस्को आपल्या पिकांत भरपूर आहे. येत्या दशकांतल्या उन्हात ते चालू ठेवणे हे आपल्या कृषी संशोधनाचे काम आहे, आणि त्यासाठी ॲक्टिव्हेजकडे आजपासूनच लक्ष द्यावे लागेल.